पाइप

शनिवार, रात्री साडेदहा. परळ

आज शिकवणीला नववीची पाच पोरं, धडा विद्युतधारेचा. माझी नेहमीची टेप सुरू झाली. वरची टाकी म्हणजे बॅटरी, पाइप म्हणजे तार, पाइप जितका अरुंद तितका रोध जास्त. वीस वर्षं हेच सांगतेय. तेवढ्यात कोपऱ्यातली, एरवी तोंड न उघडणारी पोरगी म्हणाली, "टीचर, मग तार कापली की करंट खाली का नाही सांडत?"

बाकीचे फिदीफिदी हसले. मला काही हसू आलं नाही. टाकी मीच दाखवली होती, ती बिचारी फक्त पाण्यामागून गेली. आणि गंमत बघा, तार कापली की प्रवाह थांबतो, पाइप कापला की धो धो वाहतो. नेमकं उलटं! हवेतून इलेक्ट्रॉनला सहजासहजी वाट मिळत नाही, हे मी कधी बोललेच नव्हते.

तिचं अजून होतंच. "आमच्या चाळीत पाणी यायच्या आधी नळ नुसता फुसफुसतो. दिवा का नाही फुसफुसत?"

कारण तार कधी रिकामी नसतेच. तांब्यात इलेक्ट्रॉन आधीपासून खच्चून भरलेले. मग टाकी सोडून संध्याकाळच्या दादरच्या लोकलवर आले : एका दारातून रेटा दिला की पलीकडच्या दारात कुणीतरी लटकतो. बॅटरीच्या सर्किटात एकेक इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाही, रेटा मात्र क्षणात पोचतो. घरातल्या विजेत तर ते पुढे जातच नाहीत, सेकंदाला ५० वेळा जागच्या जागी मागेपुढे हलतात. "म्हणजे दादरला कुणी उतरतच नाही?" पुन्हा पकडली गेले.

ओहम या शास्त्रज्ञाने १८२७ साली विद्युतधारा आणि रोध यांचा नियम मांडला तो उष्णता कशी वाहते त्या धर्तीवर. इलेक्ट्रॉन सापडायला अजून ७० वर्षं होती. तरी नियम टिकला. हे मुलांना सांगायचं राहिलं, सोमवारी सांगेन.

घरी अण्णांचं वेगळंच. अँजिओग्राफीनंतर डॉक्टर घाईघाईत म्हणाले, "हृदय पंप आहे, पाइप चोंदलाय." तेव्हापासून अण्णा रोज सकाळी तांब्याभर कढत पाणी पितात. "मोरीत तूप अडकलं की काय करतेस तू?"

आज जेवताना म्हटलं, अण्णा, ते पोकळीत अडकलेलं नसतं. ती चरबी रक्तवाहिनीच्या भिंतीत साठते. आपल्या मागच्या भिंतीचं प्लास्टर ओल धरून फुगलंय ना, तसं. फुगतं आतल्या बाजूला, म्हणून वाट अरुंद होते.

अण्णा घास हातात धरून भिंतीकडे बघत राहिले.

"ओल येते कुठून?"

"रक्तातलं कोलेस्टेरॉल. त्यातलं बरंचसं यकृतच बनवतं. रात्रीची गोळी त्यासाठीच आहे."

"म्हणजे गळती वरच्या बिऱ्हाडाची नाही. आपलीच."

गोळी मात्र आज न सांगता घेतली.