क्रोमाइटच्या पोटातले कण

रविवार, रात्री

जाड स्टील कास्टिंग असलं की आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, फाउंड्रीत, साच्याच्या आतल्या अंगाला क्रोमाइट (क्रोमियमचं खनिज) वाळू लावतात. काळी, साध्या वाळूपेक्षा बरीच जड, आणि महाग. ती उष्णता झपाट्यानं ओढून घेते, तापल्यावर फारशी फुगत नाही, त्यामुळे १६०० अंशांच्या आसपासचा रस वाळूत घुसून कास्टिंगला चिकटत नाही. फाउंड्रीत क्रोमाइटची ओळख एवढीच. त्याच्या पोटात काय काय असतं हे मी हल्ली वाचायला लागलोय, आणि जेवणं झाली की तेच घेऊन बसतो.

आज मेव्हणा आला होता, त्याचं गुजरीत सोन्याचं दुकान आहे. क्रोमाइटमध्ये प्लॅटिनम गटाची खनिजं सापडतात म्हटल्यावर गडी सरसावून बसला. "मग दाजी, वाळू चाळाय बसा की! नोकरी कशाला करताय?"

त्याला सगळं सांगणं अवघड. आमची वाळू येते दक्षिण आफ्रिकेतून, बुशवेल्ड नावाच्या भागातली. तिथं शिलारस कवचातच थरावर थर गोठत गेला, आणि त्यातल्या काही क्रोमाइट थरांतून प्लॅटिनम खरोखरच काढतात. पण मी वाचतोय ते ऑफिओलाइटमधल्या क्रोमाइटबद्दल. ऑफिओलाइट म्हणजे महासागराच्या तळाचं कवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा (पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थराचा) तुकडा, भूपट्टांच्या रेट्यात जमिनीवर चढून बसलेला. आपल्याकडे लडाखात निडारला आहे, नागालँड-मणिपुरात आहे, अंदमानात आहे. इथं पन्हाळा घ्या नाहीतर जोतिबा, सगळा बेसाल्ट. ऑफिओलाइटच्या त्या प्रावरणातून वर चढणारा शिलारस वाटेतलं पायरॉक्सिन हे खनिज विरघळवतो आणि ऑलिव्हिन हे दुसरं खनिज मागं सोडतो. त्याच वाटेवर क्रोमाइटचे वेडेवाकडे गठ्ठे साठतात, भोवती ड्युनाइटचं, म्हणजे जवळजवळ निव्वळ ऑलिव्हिनच्या खडकाचं वेष्टन.

प्लॅटिनम गटातल्या सहा धातूंच्या वाटा इथं वेगळ्या होतात. ऑस्मियम, इरिडियम आणि रुथेनियम रस अजून भरपूर तापलेला असतानाच घन होतात आणि वाढत्या क्रोमाइटमध्ये अडकतात. त्यांतलं नेहमी भेटणारं खनिज लॉराइट, म्हणजे रुथेनियमचं सल्फाइड. ते १८६६ मध्ये व्होलरनं बोर्निओतल्या प्लॅटिनमच्या गाळात ओळखलं. प्रयोगशाळेत युरिया बनवणारा तोच हा व्होलर. प्लॅटिनम आणि पॅलेडियम मात्र बहुतांशी रसाबरोबर पुढं निघून जातात. म्हणजे सोनाराला हवं ते नेमकं इथं कमी. शिवाय हे कण बहुतेक वेळा २० मायक्रोमीटरच्याही आतले. दगड घासून, चकचकीत करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर करड्या क्रोमाइटमध्ये पांढरे ठिपके चमकतात, कारण जड मूलद्रव्यं तिथं उजळ दिसतात. चाळणीनं काय हाती लागणार!

मला यातलं खरं आवडलं ते पुढचं. ऑफिओलाइटमध्ये पाणी शिरलं की ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन हे वेगळंच खनिज होतं, सगळा खडक आतून बदलतो. भेगेत सापडलेल्या लॉराइटमधला गंधक निघून जातो आणि उरतो सच्छिद्र मिश्रधातू. पण अखंड क्रोमाइटच्या आतला कण जसाच्या तसा, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्यासारखा. एकाच दगडात दोन्ही भेटू शकतात. एक प्रावरणातली हकिकत सांगतो, दुसरा नंतरच्या पाण्याची. नुसतं 'टनाला इतके ग्रॅम' मोजणाऱ्याला हा फरक दिसायचाच नाही, आणि मला वाटतं मोजण्याची हीच पद्धत आपल्या डोक्यात जास्त बसलीय.

ऑस्मियमचं तर आणखी पुढं. रेनियम-१८७ चं ऑस्मियम-१८७ होतं, अर्धायुष्य सुमारे ४,१६० कोटी वर्षं. या कणांत रेनियम जवळपास नसतंच, म्हणून कण तयार झाला तेव्हाचं ऑस्मियमचं प्रमाण तिथंच थांबतं, आणि त्यावरून प्रावरण पूर्वी कधी वितळलं होतं त्याचा हिशेब मांडता येतो. अमेरिकेत ओरेगॉनला जोसेफिन ऑफिओलाइट आहे, वय १६ कोटींच्या आसपास. त्या भागातल्या ऑस्मियम-इरिडियमच्या काही कणांचा हिशेब २०० कोटींच्या पलीकडं जातो! प्रावरण सतत ढवळलं जातं म्हणतात. मग इतक्या जुन्या खुणा त्यात पुसल्या कशा गेल्या नाहीत? उद्या पहिली पाळी आहे, पण त्यावरचं थोडं वाचूनच झोपेन.