मला कोर्टातून मोठं करून द्या

गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवेच्या पॅनलवर मी वकील असल्यानं सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात माझ्याकडे येतात ती बहुतेक पोटगीची प्रकरणं. त्या दिवशी दोन बायका आल्या, सोबत एक पोरगी. तिच्या खांद्यावरचं बाळ यांच्यापैकी कुणाचं, ते आधी कळेना. मग ते रडायला लागलं. दोघींनी हात पुढे केले, पण त्यानं पोरीची ओढणी सोडली नाही.

वय 17. आई विडी कामगार. पोरीच्याही अंगठ्याला पानं कापायच्या कात्रीचा घट्टा. लग्न गेल्या वर्षी. बाळंतपणात दवाखान्यानं वय बघून पोलिसांना कळवलं, नवरा पॉक्सोखाली, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, आत जाऊन आता जामिनावर. हे सगळं सासूच सांगत होती.

पोरगी मध्येच म्हणाली, "बाळाचं हर्नियाचं ऑपरेशन हाय. माझी सही चालत नाही म्हणालेत. मोबाईलवर बघितलं मॅडम, अमेरिकेत अठराच्या आधी कोर्टातून मोठं करून मिळतंय. मला बी द्या की करून."

तिनं बघितलेलं खरं होतं. कॅलिफोर्नियात चौदाव्या वर्षापासून तसा अर्ज करता येतो. आपला 1875 चा सज्ञानता कायदा अठरा म्हणतो, मधली वाट नाही. वर 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात विवाहित अज्ञान (म्हणजे अठराच्या आतल्या) मुलीचा नैसर्गिक पालक कोण, तर नवरा! म्हणजे जो आरोपी तोच पालक. हे अशिलाला सरळ तोंडानं सांगायला मला अजून जमलेलं नाही.

मग 1890 चा पालक आणि पाल्य कायदा काढला. कलम 21: अज्ञान व्यक्ती दुसऱ्या अज्ञानाची पालक होऊ शकत नाही, अपवाद स्वतःची बायको किंवा मूल. तिला दोनदा वाचून दाखवलं. बाळाच्या मालमत्तेची पालक मात्र तुला होता येणार नाही, म्हटलं. "मालमत्ता कुठाय?" ती पहिल्यांदाच हसली.

सासू चहाला गेल्यावर हळूच सांगितलं, हे लग्न रद्द करून मागायचा हक्क तुला आहे, विसावं पूर्ण होईपर्यंत. रद्द झालं तरी बाळ औरसच राहतं.

"आत्ताच मागितलं तर?"

"तर तुझ्या वतीनं कुणी मोठं माणूस लागेल, आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारी."

"म्हणजे परत दुसऱ्याचीच सही."

दवाखान्याला कलम घालून अर्ध्या पानाचं पत्र दिलं. डॉक्टरांनी तिची सही घेतली, अन् खाली आजीचा अंगठाही. मी भांडले नाही. ऑपरेशन गुरुवारी होतं.