एकाच किरणाखाली दोन मोजमापं

ग्रेनोबलच्या ईएसआरएफ सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या कणत्वरकावर) बीमटाइम, म्हणजे किरण वापरायची वेळ, मिळाला, तेव्हा आमचा प्रश्न पक्का होता. स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या स्फटिकावर वाढवलेला मँगनाइटचा (मँगनीजच्या ऑक्साइडचा) ८ नॅनोमीटरचा थर निर्वातात तापवला की त्यातला ऑक्सिजन निघून जातो. मँगनीजची संयुजा उतरते आणि जालक, म्हणजे अणूंची नियमित मांडणी, उभ्या दिशेने ताणलं जातं. किती उतरल्यावर किती ताणतं? दोन यंत्रांवर दोनदा तापवून हे कळत नाही, कारण दोन्ही वेळा ऑक्सिजन सारखाच गेला याची खात्री नसते. म्हणून बीएम२५ बीमलाइन (तिथलं एक प्रयोगस्थान) मागितली होती. तिथे हॅक्सपेस (जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांनी सुटलेले इलेक्ट्रॉन मोजणं, त्यातून संयुजा कळते) आणि पृष्ठभागाचं विवर्तन (क्ष-किरणांच्या विखुरण्यातून जालकाचं माप घेणं) एकाच निर्वात कक्षात करता येत होतं.

नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियम क्ष-किरण स्रोताची ऊर्जा १४८७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्याने वरचे काही नॅनोमीटरच दिसतात. १२ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टवर खालच्या टायटॅनियमची रेषाही मिळते. आमच्या थरात टायटॅनियम नाहीच, म्हणजे ती रेषा दिसली की नजर सांध्यापर्यंत पोचली. मात्र ऊर्जा वाढली की इलेक्ट्रॉन कमी सुटतात, म्हणून एकेक स्पेक्ट्रम (ऊर्जेनुसार इलेक्ट्रॉनांचा आलेख) सावकाश भरतो.

सगळ्यात जास्त कस लागला तो अलाइनमेंटमध्ये. विवर्तनासाठी सॅम्पल फिरवावं लागतं, तर इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या विश्लेषकाला ठिपका जागचा हलायला नको असतो. पृष्ठभागाच्या लंबाभोवतीच फिरवलं तर दोन्ही जमतं, पण किरण, फिरण्याचा अक्ष आणि विश्लेषकाचा केंद्रबिंदू एकाच जागी यायला हवेत. त्यात किरण जवळजवळ पृष्ठभागाला घासून जातो. ०.१ मिलिमीटर जाडीचा किरण अर्ध्या अंशाने पडला, तर सुमारे ११ मिलिमीटर पसरतो. मग विवर्तन येतं लांबलचक पट्टीतून आणि इलेक्ट्रॉन त्यातल्या एका तुकड्यातून. स्लिट (किरण अरुंद करणारी फट) आवळून आम्ही तीव्रता सोडली, पण दोन्ही मोजमापं एकाच जागेची राहिली. माझ्या मते हा सौदा दरवेळी करावा.

तापवायला लागल्यावर सॅम्पलचा धारक प्रसरण पावतो. पृष्ठभाग २० मायक्रॉन सरकला की ठिपका दोन मिलिमीटरहून जास्त घसरतो, त्यामुळे प्रत्येक तापमानाला अलाइनमेंट नव्याने. (सोन्याच्या फर्मी कडेवरून, म्हणजे त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या ठरलेल्या वरच्या ऊर्जा-सीमेवरून, ऊर्जेची पट्टीही अधूनमधून तपासत होतो.)

मग क्रम बसला: आधी ट्रंकेशन रॉडवर (पृष्ठभागाच्या लंब दिशेत पसरलेल्या विवर्तनाच्या रेषेवर) थराचं शिखर, मग मँगनीजचा लांब स्पेक्ट्रम, मग पुन्हा तेच शिखर. दोन्ही वेळा शिखर त्याच जागी असेल, म्हणजे मधल्या वेळात जालक बदललं नसेल, तरच मधला स्पेक्ट्रम जमेस धरला.