'गूस', 'गोस' आणि 'गान्स' : एका नोंदीची तपासणी

शब्दकोशाच्या व्युत्पत्ती तपासताना त्या दिवशी हंसकुळातल्या 'गूस'ची नोंद हाती आली. मसुद्यातल्या भाषांच्या वंशवृक्षात इंग्रजी 'गूस' आणि स्वीडिश 'गोस' एका फांदीवर होते, जर्मन-डच 'गान्स' दुसऱ्या. पहिल्या दोघांत 'न' नाही, स्वरही जवळचे. पटण्यासारखं, पण चूक.

अशा वेळी आजचे उच्चार बाजूला ठेवून सर्वांत जुनी लिखित रूपं मांडायची. जुन्या इंग्रजीत दीर्घ 'ओ'चं 'गोस', जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्वीडिशच्या पूर्वज भाषेत, 'गास'. निकाल इथेच लागतो. स्वीडिशमधला 'ओ' मध्ययुगात दीर्घ 'आ'पासून झाला. इंग्रजीचा 'ओ' त्याच्या कितीतरी आधीचा, अनुनासिक 'अ'मधून आलेला. पुढे साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर वर सरकले आणि 'गोस'चं 'गूस' झालं.

'न' गळण्याच्या पुराव्यालाही एकच जोडी पुरत नाही. इंग्रजी आणि तिच्या जवळची किनारपट्टीवरची भाषा फ्रिजियन यांत तो फ, थ, स या तिन्हींपुढे गेला. म्हणून जर्मन 'फ्युन्फ', इंग्रजी 'फाइव्ह'. नॉर्समध्ये पाचला 'फिम्म' : तिथे अनुनासिक टिकलं. म्हणजे दोन वेगळ्या घटना.

कारण तोंडात सापडतं. 'हंस' मोठ्याने म्हणा. आपण 'हन्स' म्हणत नाही, 'हंव्स'च्या जवळचं काहीतरी म्हणतो. 'स'साठी हवेला वाट हवी, त्यामुळे जीभ 'न'साठी पुरती टेकतच नाही. उरतो नाकातला स्वर. आणि 'हंस' हा तोच मूळ शब्द आहे. या भाषांच्या समान पूर्वज भाषेतल्या तालव्य महाप्राणाचा (टाळूजवळच्या, 'घ'सारख्या ध्वनीचा) संस्कृतात 'ह', जर्मानिकमध्ये, म्हणजे इंग्रजी-जर्मन-नॉर्सच्या कुळात, 'ग' होतो. संस्कृत 'हरि' आणि जर्मन 'गेल्ब', दोन्ही पिवळ्या रंगाचे, हीच जोडी दाखवतात.

नराचं नाव 'गॅन्डर'. तिथे 'न'पुढे 'स' नाही, म्हणून इंग्रजीतही तो शाबूत. याच्या शेजारी ठेवण्याजोगा फार जुना पुरावा पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीचा : जर्मानियातल्या लहान पांढऱ्या हंसांना 'गान्ता' म्हणतात, त्यांची पिसं पौंडाला पाच दिनारांनी जातात, आणि त्यांच्या शिकारीसाठी पहाऱ्यावरच्या अख्ख्या तुकड्या धाडल्याबद्दल अधिकाऱ्यांवर आरोप होतात. अशी माहिती कोशात मिळाली की नोंद वाचावीशी वाटते, म्हणून ती ठेवलीच.

तक्त्यात आता 'न'लोप दोनदा येतो, इंग्रजी-फ्रिजियनखाली आणि नॉर्सखाली. 'गान्ता' 'गॅन्डर'च्या ओळीत आहे.