पॅनोरमा बिघडतो तो शूट करतानाच

अनेक फोटो शेजारी-शेजारी जोडून केलेल्या पॅनोरमात कुंपणाची तार मध्येच तुटलेली दिसली की खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. बहुतेक वेळा ती चूक कॅमेरा वळवताना झालेली असते.

ट्रायपॉडवर कॅमेरा खालच्या स्क्रूभोवती फिरतो. फिरायला हवा तो समोरून लेन्समध्ये डोकावल्यावर अ‍ॅपर्चरचं छिद्र जिथे दिसतं त्या बिंदूभोवती. (सगळे याला नोडल पॉइंट म्हणतात. शब्द चुकीचा, पण रुळलेला.) या दोन्हींत १० सेंटीमीटर अंतर असेल आणि कॅमेरा १९ अंश वळवला, तर हा बिंदू सुमारे ३.३ सेंटीमीटर सरकतो. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा उभा धरून ५० मिमी लेन्स लावली, तर एक मीटरवरचा दगड मागच्या डोंगराच्या तुलनेत जवळपास २८० पिक्सेल हलतो. तोच १०० मीटरवर असला तर तीन पिक्सेलसुद्धा नाही. म्हणून नुसत्या दूरच्या डोंगररांगेला नोडल रेल (ट्रायपॉडवर कॅमेरा पुढेमागे सरकवायची पट्टी) लागत नाही, हातात धरून काढलं तरी जुळतं. पायाजवळचं गवत किंवा खडक फ्रेममध्ये हवे असतील तर मात्र रेलला पर्याय नाही.

बिंदू शोधायला जवळची काठी आणि लांबचा खांब एका रेषेत घ्या. ही जोडी आधी फ्रेमच्या एका कडेला, मग दुसऱ्या कडेला आणा. कॅमेरा उजवीकडे वळवल्यावर काठी खांबाच्या डावीकडे गेली तर कॅमेरा रेलवर मागे घ्या. उजवीकडे गेली तर पुढे. झूम लेन्समध्ये फोकल लेंग्थ बदलली की बिंदूही बदलतो, तेव्हा प्रत्येकीची खूण रेलवर करून ठेवा.

लेव्हल करायचा तो फिरण्याचा आस. आस तिरका राहिला तर बॉलहेडवर (ट्रायपॉडच्या गोळ्याच्या सांध्यावर) कॅमेरा कितीही सरळ बसवा, वळवत जाल तसं क्षितिज कलत जातं.

वर सांगितलेली फ्रेम सुमारे २७ अंश रुंद असते. ३० टक्के ओव्हरलॅप (शेजारच्या दोन फ्रेममधला सामाईक भाग) ठेवला तर पाऊल १९ अंशांचं, आणि १२० अंशांना सहा फ्रेम. दोन्ही टोकांना एकेक जादा घ्याच, क्रॉपमध्ये कडा जातात.

एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स, आयएसओ सगळं मॅन्युअल. एक्स्पोजर सर्वांत उजळ भागावर ठरवा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा: सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश तो सर्वाधिक गडद करतो आणि रुंद चित्रात तिथे काळपट पट्टा उमटतो. लेन्सची कडांची काळोखी रॉ फाइलमध्येच (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये), सगळ्या फ्रेमना सारखीच सुधारणा देऊन काढा. नाहीतर आकाशात उभे पट्टे दिसतात.

ह्यूजिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ढगांवर आणि लाटांवर पडलेले कंट्रोल पॉइंट (दोन फ्रेममध्ये एकच जागा दाखवणाऱ्या खुणा) आधी पुसा. खडक, इमारती, डोंगरकडा यांवरचे ठेवा. १०० अंशांच्या पुढे रेक्टिलिनियर प्रोजेक्शन (सरळ रेषा सरळच ठेवणारी मांडणी) कडा फारच ताणतं, तिथे सिलिंड्रिकल (नळकांड्यावर गुंडाळल्यासारखी मांडणी) घ्या. त्यात सरळ रस्ता वाकतो, हे गृहीत धरा. क्षितिज नागमोडी आलं तर त्यावर आडव्या रेषेचे कंट्रोल पॉइंट देऊन पुन्हा ऑप्टिमाइझ करा (फ्रेमची जुळणी नव्याने काढायला लावा). सांध्यावर अर्धी लाट राहिली असेल तर दोनपैकी एका फ्रेममधली लाट मास्कने झाका. पूर्ण लाट कोणत्याच फ्रेममध्ये नसेल तर मास्कही काही करू शकत नाही, म्हणून पाणी असेल तिथे प्रत्येक जागी तीन-चार फ्रेम काढून ठेवा.