पेट्रोलचा वास, कोरा स्कॅनर आणि धुराची चाचणी : माझा अनुभव

‘मॅडम, स्कॅनरवर कोड नाही, म्हणजे गाडीत फॉल्ट नाही,’ हे वाक्य ठाण्यातील एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मला इतक्या वेळा ऐकवण्यात आले की, दुरुस्ती पार पडून गेली तरी त्याचा राग अजून उतरलेला नाही. (स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र.) पेट्रोलच्या वासाची तक्रार घेऊन गेलेल्या आणखी कोणाला हेच उत्तर मिळाले असेल, तर त्यांनी ते मान्य करू नये, यासाठी हे लिहीत आहे.

माझी गाडी बीएस-४ या आधीच्या उत्सर्जन मानकाच्या काळातील पेट्रोल हॅचबॅक आहे. टाकी पूर्ण भरली आणि गाडी उन्हात उभी राहिली की मागच्या बाजूला पेट्रोलचा वास येई. घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीचे पार्किंग तळघरात असल्यामुळे तिथे तो अधिकच जाणवे, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खोलगट, बंदिस्त जागेत साचून राहते. जमिनीवर थेंब मात्र एकही नव्हता. थेंब दिसत असेल तर प्रकरण वेगळे आणि अधिक धोक्याचे असते. अशा वेळी गाडी सुरूच करू नये, ती उचलून न्यायला लावावी.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी सकाळी घेतली जाई, स्कॅनर जोडला जाई, कोड मिळत नसे आणि जॉब कार्डावर ‘तक्रार आढळली नाही’ असा शेरा मारून गाडी संध्याकाळी परत दिली जाई. टाकी निम्म्याहून रिकामी आणि गाडी रात्रभर थंड झालेली, अशा स्थितीत वास येणारच नाही, हे मी समजावून सांगितले. पुढच्या खेपेला टाकी भरून, दुपारच्या उन्हात उभी केलेली गाडी दाखवली आणि सल्लागाराला स्वतः मागच्या चाकाजवळ वाकून वास घ्यायला लावला. वास येतो हे त्यांनी कबूल केले. तरीही ‘सिस्टीम ओके दाखवते आहे’ हेच पालुपद चालू राहिले. त्यानंतर पीयूसीचा (प्रदूषण चाचणीचा) दाखला पुढे करण्यात आला. पीयूसीच्या चाचणीत धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे प्रमाण मोजतात. टाकीच्या माथ्यावरून निसटणाऱ्या वाफेशी तिचा काहीही संबंध नाही. एवढी साधी गोष्ट ग्राहकाने सर्व्हिस सेंटरला सांगावी लागते, याचा मला खरोखर संताप आला.

स्कॅनर कोरा का राहतो, हे मी नंतर नीट समजून घेतले. टाकीतली वाफ एका होजमधून (नळीतून) चारकोल कॅनिस्टरमध्ये, म्हणजे कोळसा भरलेल्या डब्यात जाते, तिथला कोळसा ती धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह ही झडप उघडून ती इंजिनात ओढून जाळली जाते. अमेरिकेतील गाड्यांचा संगणक ही सगळी यंत्रणा बंद करून तिच्यातला दाब तपासतो आणि अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रालाही P०४५६ हा कोड देतो. आपल्याकडील नियम युरोपीय धर्तीचे असल्याने बहुतांश गाड्यांत पर्ज व्हॉल्व्हची विद्युतजोडणी शाबूत आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. होजला चीर पडली तरी अशा गाडीच्या संगणकाला ती कळण्याची सोयच नाही. त्यामुळे कोड नसणे हा गळती नसल्याचा पुरावा ठरत नाही.

शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका खासगी गॅरेजमध्ये गेले. तिथल्या दादांनी आधी टाकीच्या झाकणाचे रबर पाहिले. मग पर्ज व्हॉल्व्हचा कॅनिस्टरकडचा होज काढून, थंड इंजिन सुरू केल्यावर तो हवा ओढतो का, हे बोट ठेवून तपासले. तो ओढत नव्हता, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बंद होत होता. मग धुराचे यंत्र लावले. या चाचणीत खनिज तेलाचा धूर अगदी कमी दाबाने यंत्रणेत सोडतात. कॉम्प्रेसरची हवा थेट सोडणे टाकीला आणि जिवालाही धोक्याचे असते. कॅनिस्टरचे हवेकडे उघडणारे तोंड आधी बुचाने बंद करावे लागते, नाहीतर धूर तिथूनच बाहेर पडतो आणि चांगला कॅनिस्टर बदलला जातो. थोड्याच वेळात टॉर्चच्या उजेडात टाकीच्या माथ्यावरून धुराची बारीक रेघ वर आली. कॅनिस्टरकडे जाणारा रबरी होज क्लिपपाशी वळतो, नेमका तिथेच तो चिरला होता. ती रेघ पाहून मला जे समाधान वाटले, ते दुरुस्तीनंतरही वाटले नाही.

टाकी उतरवून होज बदलला आणि पुन्हा धूर सोडून खात्री केली. ही दुसरी चाचणी आग्रहाने मागावी. होज पेट्रोलच्या वाफेसाठी बनवलेला आणि इथेनॉलला टिकणारा असावा, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. पाण्याचा किंवा साधा व्हॅक्यूमचा होज तिथे चालत नाही. चाचणीला जाताना टाकी काठोकाठ भरलेली नसावी, हे वर सांगायचे राहिले. वास दाखवायला भरलेली टाकी उपयोगी पडते, पण धूर फिरायला टाकीत मोकळी जागा लागते. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यानंतर ‘राउंड फिगर’साठी आणखी पेट्रोल घालू देऊ नये, ते कॅनिस्टरमध्ये शिरले तर कोळसा भिजून निकामी होतो.

जुना होज मी मागून घेतला. त्याचे आणि धुराच्या चाचणीचे छायाचित्र जोडून, जॉब कार्डावरील ‘तक्रार आढळली नाही’ हा शेरा दुरुस्त करून द्यावा, असा लेखी अर्ज सर्व्हिस सेंटरला दिला आहे. अद्याप उत्तर आलेले नाही. ते येईपर्यंत मी पाठपुरावा सोडणार नाही.