थरथरणारा कागद

इथे नोकरीला लागून चारच महिने झाले होते. टीमपुढे दहा मिनिटं बोलायचं होतं, म्हणून आदल्या रात्री मी सगळं इंग्रजीत लिहून शब्दन् शब्द पाठ केलं. सकाळी तिसऱ्याच वाक्यात एक शब्द निसटला आणि पुढचं सगळंच गेलं. हातातला कागद इतका थरथरत होता की ओळ सापडेना. कसंबसं संपवून खाली बसले.

त्यानंतर मी टोस्टमास्टर्सच्या, म्हणजे चारचौघांत बोलण्याचा सराव करण्यासाठी असलेल्या, क्लबात जाऊ लागले. राल्फ स्मेडली यांनी 1924 साली कॅलिफोर्नियात सुरू केलेले हे क्लब आज जगभर आहेत. पहिल्या भाषणाला 'आइसब्रेकर' म्हणतात. स्वतःबद्दल 4 ते 6 मिनिटं बोलायचं. चौथ्या मिनिटाला हिरवा दिवा, पाचव्याला पिवळा, सहाव्याला लाल. एक जण तर फक्त बोलणाऱ्याचे 'अं' आणि 'सो' मोजत असतो. माझे 23 निघाले.

पण मला हलवून सोडलं ते भाषणानंतर एका बाईंनी दिलेल्या अभिप्रायानं. "किती शांत उभ्या होतात तुम्ही!" माझे गुडघे लटपटत होते, घशाला कोरड पडली होती, कानात ठोके ऐकू येत होते. आणि या बाईंना त्यातलं काहीच दिसलं नव्हतं!

घरी येऊन वाचायला बसले. आपली घाबरगुंडी आपल्याला वाटते तितकी इतरांना कळत नाही. सवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना भाषणाआधी एवढंच समजावून सांगितलं होतं, आणि त्यांची भाषणं इतरांपेक्षा सरस ठरली. धडधड थांबत नाही, ते अॅड्रेनलिनचं काम आहे. मात्र 'सगळ्यांना कळतंय' ही वरची भीती उतरते. मला तीच जास्त छळायची.

आता मी पहिली दोन वाक्यं तेवढी पाठ करते. बाकीचे नुसते मुद्दे. कागद टेबलावर ठेवते, कारण हातात धरला की बोटांची थरथर त्यात दुप्पट होते. आणि "माझं इंग्रजी चांगलं नाही" अशी माफी मागून सुरुवात करणं पूर्ण बंद केलंय. कृपा करून तुम्हीही करू नका.

गेल्या आठवड्यात त्याच खोलीत पुन्हा बोलले. मध्येच एक शब्द आठवेना. थांबले, श्वास घेतला, तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं. समोर एक जण टिपणं घेत होता. तो लिहीतच राहिला.